परतीची वाट नसताना

२००१ च्या उन्हाळ्यात, विम्बल्डन सुरू असताना, बीबीसीने ब्रिटनमधल्या डिजिटल उपग्रह प्रेक्षकांना एक नवी सोय दिली. रिमोटवरचे लाल बटण दाबले की वेगवेगळ्या कोर्टांवर त्याच क्षणी चाललेले सामने पडद्यावर दिसत आणि बाणाच्या बटणांनी त्यातला हवा तो निवडता येई. कोणता सामना पाहायचा हे तोवर स्टुडिओत बसलेला निर्माता ठरवत असे. ते आता सोफ्यावर बसलेला माणूस ठरवू लागला. त्याच वर्षी ‘वॉकिंग विथ बीस्ट्स’ ही प्रागैतिहासिक प्राण्यांवरची मालिका आली, तेव्हा लाल बटणाने निवेदनसुद्धा बदलता येत होते.

या निवडीतले काहीही बीबीसीकडे परत जात नव्हते, हे इथे नीट ध्यानात घ्यायला हवे. ती सगळी कोर्टे उपग्रहावरून सगळ्यांच्याच घरी येत होती. निवड होत होती ती टीव्हीशेजारी ठेवलेल्या बॉक्सच्या आत, तिथे चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये. तो प्रोग्रॅमही त्याच लहरींबरोबर, चित्र आणि आवाजाच्या सोबतीने, घरात आलेला. बॉक्सला इंटरनेटची तार नसली तरी हे सगळे चालत होते.

सेट-टॉप बॉक्सवरच्या संवादी कार्यक्रमांचा विचार या टोकापासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. आज प्रत्येक उपकरण जाळ्याला जोडलेले असते असे धरून चालणाऱ्या पिढीला हे टोक दिसेनासे झाले आहे. दुसऱ्या बाजूने उत्तर येणार असेल तरच संवाद, असे आपण मानतो. टीव्हीसाठी फ्रेमवर्क रचणाऱ्यांना मात्र पहिल्यापासून एक कठीण अट पाळावी लागली: मनोरा बोलतो, घर ऐकते, आणि घराचे बोलणे मनोऱ्याला कधीच ऐकू येत नाही. या अटीतून जे निपजले ते मला संगणकशास्त्रातल्या सर्वांत कमी वाखाणल्या गेलेल्या कामांपैकी एक वाटते. पुढच्या प्रकरणांत तांत्रिक तपशील भरपूर आहे. त्याआधी हा तपशील कोणत्या गरजेतून आला आणि कुणाच्या घरासाठी आला, ते सांगणे हे या प्रस्तावनेचे काम.

प्रथम बॉक्सच्या पोटात काय असते ते पाहू. ट्यूनर लहरी पकडतो. त्यातून १८८ बाइटांच्या पाकिटांचा अखंड प्रवाह निघतो. प्रत्येक पाकिटावर एक क्रमांक असतो, त्यावरून हे चित्राचे, हे आवाजाचे, हे माहितीचे असे वेगळे काढले जाते. वर एक प्रोसेसर, थोडी मेमरी, चित्र उलगडणारी चिप. या यंत्रसामग्रीच्या आणि ॲप्लिकेशनच्या मध्ये जो सॉफ्टवेअरचा थर बसतो त्याला या धंद्यात मिडलवेअर म्हणतात. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याला चिप कोणत्या कंपनीची आहे हे कळू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. मात्र ती पुरी करताना लोकांची अर्धी कारकीर्द गेली आहे.

संवादी प्रोग्रॅम बॉक्समध्ये येतो कसा? मागून घेता येत नाही, कारण मागण्याची सोयच नाही. म्हणून प्रक्षेपकाने तो सतत पाठवत राहायचा. प्रोग्रॅमच्या सगळ्या फायली एकामागून एक पाठवायच्या, शेवटची झाली की पुन्हा पहिली. रहाटगाडग्यावरचे पोहरे जसे ठरलेल्या क्रमाने वर येतात तशा या फायली येतात, आणि बॉक्सने आपल्याला हवी ती येईपर्यंत थांबायचे. डीएसएम-सीसी या मानकातल्या या रचनेला ऑब्जेक्ट कॅरूसेल म्हणतात.

यातले गणित प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा हाताने करून पाहावे. समजा सगळ्या फायली मिळून दहा लाख बाइट आहेत, म्हणजे ऐंशी लाख बिट. त्यांच्यासाठी प्रक्षेपकाने सेकंदाला दोन लाख बिट एवढी जागा दिली आहे. एक फेरी पुरी व्हायला चाळीस सेकंद लागतील. म्हणजे एखादी फाइल मागितली तर ती सरासरी वीस सेकंदांनी हाती येणार. टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसलेला माणूस वीस सेकंद थांबत नाही. तो वाहिनी बदलतो. मग उपाय सुरू होतात. पहिला पडदा ज्या फायलींवर उभा राहतो त्या एका फेरीत चार वेळा पाठवायच्या. पुढे काय मागितले जाईल याचा अंदाज बांधून त्या फायली आधीच मेमरीत घ्यायच्या. चित्रे लहान करायची. एक पडदा काढून टाकायचा. रचनेचा प्रत्येक निर्णय असा सेकंदांत मोजला जातो. वेब लिहिणाऱ्याला सर्व्हर दूर असतो तेवढाच त्रास. इथे सर्व्हर ऐकतच नाही.

दुसरी गोष्ट प्रोग्रॅमच्या आयुष्याची. संगणकावर प्रोग्रॅम माणूस उघडतो आणि माणूसच बंद करतो. टीव्हीवर त्याचा जन्म-मृत्यू वाहिनीशी बांधलेला असतो. प्रक्षेपणाबरोबर एक तक्ता येतो. या वाहिनीवर कोणती ॲप्लिकेशन्स आहेत, कोणते आपोआप सुरू करायचे, कोणते माणसाने बोलावल्यावरच, आणि कोणते आता ताबडतोब संपवायचे, हे त्यात लिहिलेले असते. वाहिनी बदलली की प्रोग्रॅमने निमूट निघून जायचे. म्हणून जावावर आधारलेल्या टीव्ही-प्रोग्रॅमला, ज्याला एक्सलेट म्हणतात, चार अवस्थांची शिस्त लावली गेली: तयार होणे, सुरू होणे, थबकणे, संपणे. यातले बहुतेक निर्णय एक्सलेट स्वतःच्या मर्जीने घेत नाही. मालकी त्याची नसते. ट्यूनर एकच, चित्र उलगडणारी चिप एकच, आणि त्यावर पहिला हक्क चालू कार्यक्रमाचा. बातम्या ऐकणाऱ्या माणसाच्या बातम्या एखाद्या जाहिरातीच्या प्रोग्रॅममुळे अडखळल्या तर तो बॉक्सच्या कंपनीला शिव्या देईल, आणि ते रास्तच आहे.

पडद्याबद्दल थोडक्यात: तीन मीटरवरून वाचता येतील एवढी अक्षरे, कडेला मोकळी जागा, आणि जुन्या टीव्हींवर एकाच ओळीच्या जाडीची आडवी रेघ लुकलुकते म्हणून ती टाळणे. लाल, हिरवे, पिवळे, निळे ही चार बटणे टेलिटेक्स्टच्या, म्हणजे टीव्हीवरच्या मजकुराच्या पानांच्या, काळापासून चालत आली आहेत. बाकी सहाव्या प्रकरणात.

आता इतिहास. १९९० च्या दशकात प्रत्येक प्रक्षेपक स्वतःचे मिडलवेअर निवडी आणि ग्राहकाला स्वतःचा बॉक्स देई. फ्रान्समध्ये कनाल प्लसचे मीडियाहायवे होते. ओपनटीव्ही होते, त्यात प्रोग्रॅम सी भाषेत लिहून एका छोट्या आभासी यंत्रासाठी संकलित करत. १९९८ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या स्काय डिजिटलने तेच घेतले. ही व्यवस्था चालत होती, पण प्रत्येक कुंपणाच्या आत वेगळी. एका प्रक्षेपकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या बॉक्सवर चालत नसे आणि बॉक्सही एकाच दुकानाशी बांधलेला.

हे कुंपण मोडायचे स्वप्न युरोपातल्या डीव्हीबी या संघटनेने पाहिले. १९९३ साली स्थापन झालेल्या या संघटनेने उपग्रह, केबल आणि जमिनीवरच्या डिजिटल प्रक्षेपणाची मानके ठरवली होती आणि ती जगभर रुजली होती. आपल्याकडच्या डिशचे बॉक्सही त्याच मानकांवर चालतात. लहरींच्या बाबतीत जमले ते सॉफ्टवेअरच्या बाबतीतही जमेल, या विश्वासाने २००० साली मल्टिमीडिया होम प्लॅटफॉर्म, म्हणजे एमएचपी, आले. भाषा जावा. सन कंपनीचे जावा टीव्ही, हावी या गटाची पडद्याची रचना, दाविक या गटाची साधने, असे अनेकांचे काम एकत्र आणून एक भलीमोठी चौकट उभी राहिली. तिच्यात तीन पायऱ्या होत्या: परतीच्या वाटेशिवाय चालणारी, परतीच्या वाटेसह चालणारी, आणि इंटरनेटपर्यंत पोचणारी. म्हणजे एकतर्फी घराचा विचार एमएचपीने केला होता, हे न्यायाने सांगायला हवे.

कागदावर एमएचपी सुंदर होते. आजही त्याची कागदपत्रे वाचताना रचनाकारांच्या शिस्तीचा आदर वाटतो. फिनलंडने २००१ साली डिजिटल प्रक्षेपण सुरू करताना एमएचपीची कास धरली. त्याच वर्षी जर्मनीतल्या मोठ्या वाहिन्यांनी माइन्त्स शहरात एकत्र येऊन एमएचपी स्वीकारण्याची घोषणा केली. इटलीने तर २००४ साली संवादी बॉक्स घेणाऱ्या प्रत्येक घराला दीडशे युरोचे अनुदान दिले. टीव्हीवरून सरकारी सेवा पोचवायचा बेत होता. त्या बॉक्समध्ये टेलिफोनच्या तारेला जोडायचा मोडेम होता. पुढे २००७ साली युरोपीय आयोगाने ते अनुदान नियमबाह्य ठरवले, कारण उपग्रहाच्या बॉक्सना त्यातून वगळले होते. पण अनुदानाचा निकाल काहीही लागला असता तरी त्या प्रयोगाचे दुखणे वेगळे होते. दिवाणखान्यातला बॉक्स आणि टेलिफोनची खाच यांच्यामधली तार कोण ओढणार, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच मानकात नव्हते.

जावाचे आभासी यंत्र चालवायला मेमरी हवी, वेगवान प्रोसेसर हवा. दोन्ही त्या काळी महाग. त्यावर पेटंटधारकांचे स्वामित्वशुल्क. त्यावर चाचण्यांचा खर्च. आणि एवढे करूनही एका कंपनीच्या बॉक्सवर नीट दिसणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर विस्कटायचा. जर्मनीतले वचन हवेत विरले. एमएचपीचा गाभा मात्र वाया गेला नाही. तो वेगळा काढून जगातल्या इतर मानकांना दिला गेला, आणि त्यावरच ब्लू-रे तबकड्यांवरचे जावा उभे राहिले. ज्या चौकटीला प्रक्षेपणाने पुरते घर दिले नाही ती खेळाच्या यंत्रांतून आणि चित्रपटांच्या तबकड्यांतून लाखो घरांत पोचली.

त्याच काळात ब्रिटनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणात एमएचईजी-५ हे १९९७ सालचे साधेसे मानक मुकाट्याने काम करत होते. त्यात पूर्ण भाषा नव्हती. पडद्यावर या वस्तू आहेत, हे बटण दाबले की ही वस्तू दाखवा आणि ती लपवा, एवढेच सांगता येई. थोड्याशा मेमरीत ते चाले. २००२ साली फ्रीव्ह्यू ही मोफत डिजिटल सेवा सुरू झाली तेव्हा शंभर पौंडांच्या आत मिळणाऱ्या बॉक्समध्येही ते होते. अभियंत्यांच्या परिषदांत एमएचईजीचे कौतुक कुणी फारसे केले नाही, घरांत ते वर्षानुवर्षे चालले. फ्रेमवर्कची परीक्षा ते कशाकशावर उत्तम चालते यावरून करू नये. बाजारातल्या सर्वांत स्वस्त बॉक्सवर ते काय करू शकते, यावरून करावी. या पुस्तकातली सगळी तुलना याच कसोटीवर केली आहे.

आणि याच कसोटीमुळे पुस्तकाचा मोठा भाग ब्राझीलला दिला आहे.

ब्राझीलच्या सरकारने २००३ च्या नोव्हेंबरात एक फर्मान काढून देशाच्या डिजिटल टीव्हीचा आराखडा हाती घेतला. त्यात चित्राच्या दर्जाइतकेच महत्त्व सामाजिक समावेशाला दिले होते. कारण स्पष्ट होते. त्या सुमारास तिथल्या दहातल्या सुमारे नऊ घरांत टीव्ही होता, आणि इंटरनेट असलेला संगणक पाचातल्या एका घरातही नव्हता. गरिबाच्या घरी जो पडदा आधीच आहे त्यावरून माहिती आणि सेवा पोचवायच्या, हा हेतू. २००६ च्या जूनमधल्या दुसऱ्या फर्मानाने लहरींसाठी जपानचे मानक घेतले, चित्रासाठी त्याहून नवे तंत्र घेतले, आणि मिडलवेअर मात्र स्वतःचे केले. त्याचे नाव जिंगा. कापोएरा या युद्धकलेत खेळाडू सतत डोलत राहतो, त्या मूळ हालचालीचे हे नाव. २ डिसेंबर २००७ रोजी साओ पावलोत डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले.

जिंगाचे दोन भाग दोन विद्यापीठांत घडले. जावाचा भाग पाराइबा राज्याच्या संघीय विद्यापीठात, गिदो लेमोस यांच्या प्रयोगशाळेत. दुसरा, जिंगा-एनसीएल, रिओ द जानेरोच्या पोंटिफिकल कॅथलिक विद्यापीठातल्या टेलेमीडिया प्रयोगशाळेत, लुईझ फेर्नांदो गोमेस सोआरेस यांच्या नेतृत्वाखाली. सोआरेस २०१५ साली गेले. त्यांच्या कामाविषयी मराठीत लिहायला मिळते आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

एनसीएल ही प्रोग्रॅम लिहिण्याची नेहमीच्या अर्थाने भाषा नव्हे. तिच्यात ‘हे कर, मग ते कर’ अशा आज्ञा नसतात. कोणती माध्यमे आहेत, पडद्यावर त्यांची जागा कोणती, आणि काळात त्यांचे एकमेकांशी नाते काय, एवढे तिच्यात मांडायचे. मुख्य चित्रफितीच्या अमुक सेकंदाला एक खूण ठेवायची. ती खूण आली की हे छायाचित्र दाखवायला लागा. छायाचित्र दिसत असताना लाल बटण दाबले तर मुख्य चित्र लहान करून कोपऱ्यात न्या आणि शेजारी हे दुसरे चित्र सुरू करा. एवढे लिहिले की काम झाले. टेलेमीडियाच्या शिकवणीतले प्रसिद्ध उदाहरण गरिंशा या फुटबॉलपटूवरच्या एका लहानशा ॲनिमेशनचे आहे. तो प्रतिस्पर्ध्याला चकवतो तेव्हा तशाच चकव्याचे छायाचित्र पडद्यावर येते. पुढे एका क्षणी बुटाचे चिन्ह दिसते, लाल बटण दाबले तर बुटाची जाहिरात उघडते, नाही दाबले तर गोष्ट पुढे चालू राहते. सुरुवात करणाऱ्याला टीव्हीचे सगळे व्याकरण या एका उदाहरणात शिकता येते: काळ प्रेक्षकाचा नाही, कार्यक्रमाचा आहे, प्रेक्षकाला त्यात फक्त खिडक्या मिळतात.

हे मांडणीचे शहाणपण मला फार मोलाचे वाटते. टीव्हीचा कार्यक्रम रचणारी माणसे संकलक असतात, लेखक असतात, शिक्षक असतात. त्यांना धागे, लूप, मेमरी यांत रस नसतो. ‘हे आल्यावर ते’ ही भाषा त्यांच्या हाडीमाशी भिनलेली असते. फ्रेमवर्कने त्यांच्या विचाराच्या जवळ जायचे ठरवले.

जिथे हिशेब करायचा, उत्तर तपासायचे, येणाऱ्या आकड्यांचा तक्ता मांडायचा, तिथे एनसीएल पुरत नाही. त्यासाठी लुआ ही भाषा जोडली. लुआ त्याच विद्यापीठातली, १९९३ ची. रोबेर्तो इएरुसालिम्स्की, वाल्देमार सेलेस आणि लुईझ एन्रिके दे फिगेरेदो यांनी घडवलेली. ब्राझीलमध्ये त्याआधी परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअरच्या आयातीवर कडक बंधने होती. अडचण पडली की साधन स्वतः बनवायचे, ही सवय त्यातून लागली होती. लुआ इतकी लहान आणि चपळ की पुढे जगभरच्या संगणकीय खेळांनी ती उचलली. सेट-टॉप बॉक्सच्या तुटपुंज्या मेमरीत ती आरामात बसली. २००७ साली जिंगा-एनसीएलचा नमुना खुल्या परवान्याखाली सर्वांना दिला गेला, आणि २००९ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एच.७६१ या क्रमांकाने त्याला शिफारशीचा दर्जा दिला. जावाच्या बाजूने स्वामित्वशुल्काचा अडथळा आला तेव्हा ब्राझीलने सन कंपनीबरोबर शुल्कमुक्त पर्याय तयार करून घेतला. शेजारच्या अर्जेंटिनाने ला प्लाता विद्यापीठात जिंगाची स्वतःची आवृत्ती उभी केली.

इतके असूनही जिंगा दिग्विजयी ठरले नाही. टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांना स्वतःच्या स्मार्ट पडद्यांवर स्वतःचे दुकान थाटायचे होते. सरकारने टीव्ही संचांत जिंगा सक्तीचे करेपर्यंत बरीच वर्षे गेली. वाहिन्यांनाही प्रेक्षकाचे लक्ष जाहिरातीवरून दुसरीकडे नेणारे बटण फारसे नको होते. तंत्र तयार असून ते वापरायची इच्छा नसणे, हे दुखणे अभियंत्याला बरे करता येत नाही.

तरी एक प्रयोग नोंदवायलाच हवा. पाराइबाची राजधानी झुआंव पेसोआ इथे २०१२-१३ मध्ये ‘ब्राझील ४डी’ नावाचा प्रकल्प झाला. सार्वजनिक प्रक्षेपण संस्था ईबीसी आणि तिथले संघीय विद्यापीठ यांनी मिळून बोल्सा फामिलिया या अनुदान योजनेतल्या शंभर कुटुंबांच्या टीव्हीवर जिंगाचे कार्यक्रम पोचवले. नोकऱ्यांच्या जागा, आरोग्याची माहिती, सरकारी योजनांचे लाभ कसे घ्यायचे याची माहिती, सगळे रिमोटच्या बटणांवर. शंभर घरे म्हणजे फार थोडी. पण फ्रेमवर्क ज्या घरासाठी रचले त्याच घरात ते जाऊन बसले, हे त्या शंभर घरांत झाले. पुढे २०१६ साली गोयास राज्यातल्या रिओ व्हेर्दे शहरापासून जुने ॲनालॉग प्रक्षेपण बंद होत गेले आणि गरीब कुटुंबांना बॉक्स फुकट वाटले गेले. रिकाम्या झालेल्या लहरी विकत घेतलेल्या मोबाइल कंपन्यांनी त्याचा खर्च उचलला. त्या बॉक्समध्ये संवादी क्षमता किती ठेवायची यावरून बराच झगडा झाला. माझे मत सरळ आहे: फुकट वाटायच्या बॉक्सवर ही क्षमता सर्वांत आधी हवी, कारण ज्यांना तो फुकट द्यावा लागतो त्यांच्याकडेच दुसरा पडदा नसतो.

युरोपात मधल्या काळात वारे फिरले. २००९ साली फ्रेंच आणि जर्मन प्रयत्न एकत्र येऊन एचबीबीटीव्ही आकाराला आले आणि २०१० साली त्याचे मानक प्रसिद्ध झाले. जावा गेले, ब्राउझर आला. कोणते ॲप्लिकेशन कधी सुरू करायचे हे सांगणारा तक्ता एमएचपीकडून घेतला. प्रोग्रॅम मात्र बहुतेक वेळा इंटरनेटवरून येऊ लागला. इटलीही हळूहळू तिकडे वळली. अमेरिकेत कॉमकास्ट या केबल कंपनीने २०१२ साली आरडीके हा सॉफ्टवेअरचा संच पुढे आणला आणि इतर केबल कंपन्या त्यात सामील झाल्या. भारतात डिशच्या कंपन्यांचे नवे बॉक्स अँड्रॉइडवर आले. यातले फ्रेमवर्क शिकणे सोपे आहे, माणसे मिळतात, पडदे देखणे होतात. शेवटच्या तीन प्रकरणांत त्यांचा पुरेसा परिचय आहे आणि नोकरी शोधणाऱ्याने ती आधी वाचली तरी चालतील.

पण या वळणावर काय गमावले तेही सांगायला हवे. लहरींतून आलेला प्रोग्रॅम एका घरात चालला काय आणि एक कोटी घरांत चालला काय, प्रक्षेपकाचा खर्च तोच. सर्व्हरचे तसे नसते. शिवाय लहरींतून आलेला प्रोग्रॅम कुणी पाहिला हे कुणालाच कळत नाही. इंटरनेटवरून आलेला पडदा प्रत्येक बटणाची खबर मागे पाठवू शकतो. आपण काय पाहतो ते आपल्या घरापुरते राहावे असे वाटणाऱ्या माणसासाठी परतीची वाट नसणे ही उणीव राहत नाही, तो त्याचा हक्क ठरतो.

महाराष्ट्रात सेट-टॉप बॉक्स घरोघर शिरला तो कायद्याने. मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत २०१३ च्या मार्चअखेर केबलवाल्यांना डिजिटल होणे भाग पडले. त्याआधी डिशवाल्यांनी लाल बटणाची ओळख करून दिली होती; ‘ॲक्टिव्ह’ नावाच्या सेवांतून सिद्धिविनायक आणि शिर्डीचे दर्शन घरबसल्या घेणारे कितीतरी लोक होते. पण या सेवा पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी होत्या. ज्यांनी एकदाच बॉक्स आणि छत्री विकत घेतली आणि पुढे महिन्याला एक रुपयाही भरला नाही, अशा डीडी फ्री डिशच्या घरांसाठी कुणी संवादी प्रोग्रॅमचा विचार मनावर घेतला नाही. गावोगावच्या पत्र्यांवर आणि धाब्यांवर त्या छत्र्या आजही उभ्या आहेत.

‘आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, मग हे कशाला?’ असा प्रश्न या टप्प्यावर हमखास येतो. मोबाइल आहे, पण तो घरातल्या एकाच्या खिशात आहे आणि त्याच्याबरोबर बाहेर गेलेला आहे. रिचार्ज संपलेला असतो. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ती अक्षरे लागत नाहीत. टीव्ही मात्र सगळ्या घराचा असतो. त्यावरचा आकडा सासू, सून, नातू एकाच वेळी पाहतात आणि त्यावर बोलतात.

म्हणून पुस्तकातला पहिला प्रयोग मी याच घरासाठी निवडला आहे. महाराष्ट्रात तीनशेहून अधिक बाजार समित्या आहेत. प्रत्येकीत वीस शेतमाल धरू, आणि प्रत्येकाचे तीन भाव: किमान, कमाल, सरासरी. एका आकड्याला चार बाइट. तीनशे गुणिले वीस गुणिले बारा, म्हणजे बहात्तर हजार बाइट. बिटांत मोजले तर पावणेसहा लाख. साध्या दर्जाच्या एका वाहिनीच्या चित्राला सेकंदाला वीस-तीस लाख बिट लागतात. त्यातून केवळ एक लाख बिट बाजूला काढले तर सगळ्या राज्याचे भाव सहा सेकंदांत एक फेरी पुरी करतात. फायलींच्या वेष्टनाचा भार धरला तरी दहा सेकंदांच्या आत. लासलगावचा कांदा, लातूरचे सोयाबीन, सांगलीची हळद, सगळे बॉक्सच्या मेमरीत येऊन बसेल आणि जिल्हा निवडला की लगेच पडद्यावर दिसेल. कुणाला फोन नको, कुणाला नोंदणी नको.

हा प्रयोग आधी एनसीएल आणि लुआत लिहावा, मग ब्राउझरवर चालणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये लिहावा, आणि दोन्हींना किती मेमरी लागते ते मोजावे. एमएचईजीत लिहून पाहायची इच्छा असेल त्यांच्यासाठी परिशिष्टात वाट दाखवली आहे. भावांच्या याद्या गुंडाळताना तिथे थोडी कसरत करावी लागते. कॅरूसेलचा वेग बदलून पाहावा: पन्नास हजार बिटांवर काय होते, दोन लाखांवर काय होते, भाव मध्येच बदलले तर जुनी फेरी अर्धवट वाचलेल्या बॉक्सने काय करावे. हा शेवटचा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. प्रत्येक फायलीला आवृत्तीचा क्रमांक का लागतो आणि अर्धे जुने, अर्धे नवे भाव पडद्यावर येऊ नयेत यासाठी मिडलवेअरने नेमके काय करायचे, तिथूनच पहिले प्रकरण सुरू होते.